मास्तरांच्या टाचा

तीर्थरूप काकांना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). तुमचे गुडघे कसे आहेत? काकूंचा राग कसा आहे? इकडे सगळे ठीक आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिले.

खरे म्हणजे पंचवीस दिवसांत बूट शिवून घ्यायला दुकानात कोणी फिरकलेले नाही. (एक बाई आल्या होत्या, पत्ता विचारायला.) तयार बुटांचा व्यापारी मात्र रोज येतो. डाव्या भिंतीच्या फळ्या मोकळ्या करून दिल्या तर तो माल ठेवणार, आणि महिनाअखेर त्याला उत्तर हवे आहे. तुम्ही धंद्यातून अंग काढून घेतल्याला तीस वर्षे झाली, म्हणून आठवण करून देतो: त्या फळ्यांवर आजोबांपासूनच्या गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे आहेत. जिवंत माणसाचे चवडे बाहेर, गेलेल्याच्या टाचा बाहेर. एकशे बारा जोड्यांपैकी आता नऊंचे चवडे दिसतात, बाकीचे आपल्याकडे पाठ करून निघाले आहेत. पण गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर काढायचे नाही, हा आजोबांचा दंडक. मी म्हटले, जिवंत गिऱ्हाईक आपणहून बाहेर राहते त्याचे काय? तेव्हापासून बाबांनी माझ्याशी अबोला धरला.

तो अबोलाच नडला. बाबा दवाखान्यात गेलेले पाहून मी साचे उतरवले, व्यापाऱ्यासाठी फळ्यांची मापे घेतली आणि घाईघाईने सगळे परत लावले (कंबर तेव्हाच गेली). त्यात गणिताच्या मास्तरांचे साचे उलटे लागले. बाबांनी आल्या आल्या मास्तरांच्या टाचा पाहिल्या. मला विचारायचे तर बोलावे लागले असते, म्हणून काठी घेऊन थेट समाचाराला गेले. दार खुद्द मास्तरांनी उघडले. बाबांना रडू आवरेना, तोंडातून शब्द फुटेना. मास्तरांना वाटले आमच्याच घरी कोणी गेले, तेही रडू लागले. अर्धा तास दोघांनी एकमेकांचे सांत्वन केले, मग गेले कोण ही चौकशी निघाली.

मास्तर भडकले ते ठीकच. पण निघताना बाबांना उंबऱ्याशी त्यांचे बूट दिसले, तयार घेतलेले. मास्तरांनी कबूलच केले, सहा वर्षे ते तसलेच घालतात, आणि आपल्याला तोंड दाखवायला नको म्हणून पलीकडच्या गल्लीने जातात. गेलेला माणूस निदान आपला राहतो, एवढेच बाबा घरी येऊन म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला फार वाईट वाटले, पण व्यापारी काही महिना लांबवणार नाही.

तर काका, बाबा जगात फक्त तुमचे ऐकतात (मी कधी ऐकताना पाहिले नाही, पण घरात तसा समज आहे). येऊन त्यांना समजवा. मी सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तुमचा वाकलेला पुतण्या

ता. क. उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये, थेट यावे.

पुन्हा ता. क. पत्र टाकायला निघालो, तर बाबा स्टुलावर चढून साचे पोत्यात भरत होते. म्हणाले, तुझंच खरं, बोलाव व्यापाऱ्याला. वाद नाही, रुसवा नाही. निम्मी भिंत रिकामी झाली आहे. ते नाही म्हणणार या भरवशावर मी इतके दिवस हो म्हणत होतो, काका. तुम्ही याच, पण त्यांना नाही म्हणायला सांगायला या.