सतराव्या खोलीचं परीक्षण

ती. मामांस,

बडबड्या भाचीचा वाकून नमस्कार.

तुमचा उजवा गुडघा आता काय म्हणतोय? मामी म्हणाली की जिना उतरताना कुरकुरतो आणि चढताना गप्प बसतो. (गप्प बसण्यावरून एक गोष्ट आठवली, पण ती पुढे.) आम्ही सगळे मजेत आहोत. माझी अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे आणि त्याला कारण तुम्ही आहात.

तुम्ही दिलेल्या ट्रंकेतली ‘बुडता मनोरा’ ही बत्तीस पानी मोहीम मी सध्या दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर चालवते. शेजारच्या शिंपीणकाकूंना मी खेळ असा समजावला : मी सूत्रधार, पुस्तिकेत बघून भुयारं सांगणार, तुम्ही वीर नाहीतर जादूगार व्हायचं, काय करता ते बोलायचं आणि फासे टाकून जीव वाचवायचा. काकू जादूगार झाल्या आणि आता प्रत्येक बोळ किती हात रुंद हे विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. आमचे दातांचे डॉक्टर वीर आहेत; आठवडाभर लोकांचे जबडे उघडतात, पण खेळात बंद दार दिसलं की काकूंना पुढे करतात. चौथी माझी नणंद. नवी नोकरी लागल्यापासून ती आमच्याकडेच राहते. ती चोर आहे, आणि आठ रविवारांत तिच्या तोंडून ‘चालेल’ याखेरीज शब्द निघालेला नाही. (तिच्या मनातलं मला कळतं, म्हणून तिची पाळी आली की मीच सांगून टाकते. खेळ अडायला नको.)

मामा, काय मोहीम आहे हो ती! मनोऱ्यात शिरायला तीन वाटा, आणि कुठलीही धरली तरी पुढे पस्तावायला पुरेपूर वाव. सराईतल्या अफवांपैकी निम्म्या खोट्या. तळघरातला राक्षस भांडणापेक्षा सौद्याला जास्त उत्सुक. आणि शेवट काय व्हावा याबद्दल लेखकाने अवाक्षर काढलेलं नाही, तो खेळणाऱ्यांवर सोडलाय. हल्लीच्या जाडजूड पुस्तकांना एवढा धीर नसतो. म्हणून मी खेळाडूंच्या मासिकात तिचं परीक्षण लिहिलं, मनापासून लिहिलं, आणि त्यातली दोन पानं एकट्या सतराव्या खोलीवर खर्च केली. तो म्हातारा द्वारपाल, ते दार! असली खोली पुन्हा कुणी लिहिली नाही, असं मी छातीठोकपणे ठरवून टाकलं. ती खोली लहानपणी तुमच्याकडे खेळले होते, त्यामुळे पुन्हा वाचायची गरज वाटली नाही.

परीक्षण वाचून आमची मंडळी गेल्या रविवारी बाकी सगळं सोडून तडक सतराव्या खोलीत घुसली. मी ऐटीत पान उघडलं. तिथे एवढंच छापलं होतं : ‘खोली १७. रिकामी. धूळ.’

मी ते वाचून दाखवलं. कुणाचा विश्वास बसेना. मी काहीतरी लपवतेय अशी खात्री करून घेऊन त्यांनी दोन तास त्या रिकाम्या खोलीची झडती घेतली. किडकी दाढ शोधावी तशी डॉक्टरांनी एकेक वीट ठोकून पाहिली. काकूंनी धूळ कुठल्या रंगाची आहे ते तीनदा विचारलं. सोमवारी संपादकांचं पत्र आलं : अकरा वाचकांनी विचारलंय, असा द्वारपाल कुठल्या आवृत्तीत आहे? मी काय सांगू? ती आवृत्ती जगात एकच आहे, आणि तिचा गुडघा दुखतो.

मी नऊ वर्षांची होते. शाळा बदलली होती आणि महिनाभर मी कुणाशी बोलले नव्हते. मामेभाऊच माझा फासा टाकायचे, माझं म्हणणंही तेच सांगायचे. मग तुमच्या म्हाताऱ्याने विचारलं, ‘तुमच्यात धाकटी कोण? तिने सांगितलं तरच दार उघडेन.’ त्यापुढे तो काय काय बोलला ते मला आठवतच नाही. घड्याळाची टिकटिक आणि भावांचे उसासे तेवढे आठवतात. शेवटी मी म्हणाले, ‘उघडा, आम्हाला घरी जायचंय.’ तुम्ही दार उघडलंत. त्यानंतर माझं तोंड बंद झालेलं नाही, घरच्यांना विचारा.

इतकी वर्षं मी त्या लेखकाचे उपकार मानत होते. ते तुमचे होते हे त्या रिकाम्या पानावर कळलं, आणि मला सगळ्यांदेखत रडू आलं. (डॉक्टरांना वाटलं खोलीत विषारी वायू आहे. त्यांनी वीराला बाहेर पळवलं.)

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. : पत्राचं खरं कारण हे. कपबशा विसळताना नणंद म्हणाली की पुढच्या रविवारनंतर ती खेळायला बसणार नाही. मला फार लागलं. तिच्यासाठी मी लगेच द्वारपाल करून पाहिला. धैर्य या विषयावर त्याला पंचवीस मिनिटं बोलायला लावलं. ती उत्तर देईना, तेव्हा तेही मीच दिलं. तरी काही जमलं नाही. म्हाताऱ्याचे संवाद शब्दशः लिहून पाठवा.

ता. क. दुसरा : नाहीतर गुडघा मानत असेल तर रविवारी तुम्हीच या. जिना चढायचाच आहे, तो गप्प बसेल. पाकीट नणंदेकडे दिलंय, ती कचेरीत जाताना टाकेल.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात : मामा, नमस्कार. पाकीट मी चिकटवतेय म्हणून मला एवढी जागा मिळाली. संवाद पाठवू नका. तो म्हातारा पुढे काही बोललाच नसणार. रविवारी नक्की या आणि वहिनीच्या शेजारी बसा. मला त्या दारापाशी काहीतरी सांगायचंय.