लेस्टरहून जगाला पहिली खबर

सोमवार, १० फेब्रुवारी
आजपासून आठवडाभर गॅमा-रे बर्स्टची, म्हणजे दूरच्या दीर्घिकांतल्या प्रचंड स्फोटांची, ड्यूटी माझी. एकट्याची! आकाशात कुठेही स्फोट झाला की अंतराळातला आमचा टेलिस्कोप तो टिपतो आणि माझा फोन कोकलतो. मग लॅपटॉप उघडून मी मोजायचं: किती सेकंद, किती प्रखर, नेमका कुठे. लगेच जगाला कळवायचं, म्हणजे चिलीतला मोठा टेलिस्कोप तिकडे वळतो. उशीर केला तर मागे राहिलेला उजेडही विझतो.
बॉस सुमनताई म्हणाल्या, आधी ओळखीच्या ताऱ्यांची यादी बघ, मगच पाठव. यादी बघत बसलो म्हणूनच गेल्या वेळी हीच ड्यूटी करणारा ग्लासगोचा कुश पुढे गेला. संकल्प: या वेळी पहिलं लेस्टर.

बुधवार, १२ फेब्रुवारी, सकाळ
मिळाला! लेकीला, मायराला, शाळेच्या ब्रेकफास्ट क्लबला सोडलं आणि फोन वाजला. तिथेच डबल यलो लाइनवर, थांबायला बंदी असताना, गाडी उभी करून मोजला, पाठवला. कुशच्या आधी! चिलीने टेलिस्कोप वळवलासुद्धा. येताना बेलग्रेव्ह रोडवरून ढोकळा आणला.

बुधवार, दुपार
सुमनताईंचा फोन. म्हणाल्या, हा आपल्याच आकाशगंगेतला जुना न्यूट्रॉन तारा, अधूनमधून असाच भडकतो, यादीत पहिल्याच पानावर आहे. चूक झाल्याचं सर्क्युलर लगेच काढ.
मी म्हटलं, त्याच्या बरोब्बर मागे खरा स्फोट झाला नसेल कशावरून? त्यांनी फोन ठेवला. म्हणजे मुद्दा पटला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
माघार नाही. पुराव्याचं पाचवं पान चालू. बायको, राजश्री, म्हणते, सॉरी म्हणून मोकळा हो. तिच्या डेंटल क्लिनिकमध्ये चालत असेल तसं. मायराने विचारलं, बाबा, ते स्टार आधीपासून तिकडेच होता ना? तिला होमवर्कला बसवलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
सुमनताईंनी सर्क्युलर स्वतःच्या सहीने काढलं. त्यात चक्क माझं नाव: अपूर्वचा स्फोट धरू नये. धरू नका! मी वाचलंच नाही, असं ठरवलंय. राजश्री म्हणाली, पडलो तरी नाक वर. नाक वर ठेवायलाही दम लागतो.

रविवार, १६ फेब्रुवारी
खरा आला. भल्या सकाळी, कांदा चिरत होतो तेव्हा. यादी बघितली. दोनदा. (कुणाला सांगायचं नाही.) ओळखीचं तिथे कुणीच नाही. पन्नास सेकंद, आलेखात दोन उंच टोकं, मग लांब उतार. अब्जावधी वर्षं प्रवास करून आलेला उजेड, आणि तो पृथ्वीवर सगळ्यांत आधी मला ओळखता आला. पाठवला. पहिला मीच.
चिलीचं उत्तर लगेच आलं. थँक यू, ग्लासगोने कन्फर्म केलं की वळतो.
कुशला फोनवर फोन केले. रविवार, साहेब झोपलेले. उचलला तोवर चिलीत उजाडलं होतं, टेलिस्कोपला आता काही दिसणार नव्हतं.
दोष अर्थात चिलीवाल्यांचाच. पण फार वाईट वाटलं. पोहे गेले नाहीत.
दुपारी कुशने सगळ्यांना मेल केली. अपूर्वचं मोजमाप अगदी बरोबर होतं, म्हणे.