अ‍ॅम्प्लिफायरमधली शिट्टी

३ जानेवारी, रविवार

नवं वर्ष, नवी वही. ही कुणी वाचायची नाही. पुढे बँडचा इतिहास लिहायची वेळ आली की योग्य ती पानं मी स्वतः काढून देईन.

बँडचं नाव अर्धं शटर. टायरच्या दुकानामागच्या गोडाउनमध्ये प्रॅक्टिस असते. शटर पूर्ण ओढलं तर गुदमरतं, पूर्ण उघडलं तर शेजारी भांडायला येतात, म्हणून अर्धं. बारा वर्षं झाली. गिटार, गाणी आणि नेतृत्व माझ्याकडे. ड्रमवर मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, एरवी फरश्या विकतो. बेसवर दातांचा डॉक्टर. कीबोर्डवर बाई, शाळेत गणित शिकवतात. चौघांत मिळून कलाकार एकच आहे, पण मी ते कधी बोलून दाखवत नाही.

२७ मार्चला मोठं सभागृह मिळालंय. सहाशे खुर्च्या. आजवर सगळ्यात जास्त माणसं एका लग्नात होती आणि ती जेवत होती.

ठराव: रोज दोन तास रियाज. उद्यापासून.

तक्रार: माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून शिट्टी येते. बारीक, न थांबणारी. मेहुण्याला विचारलं. म्हणाला, भावोजी, मला तर नाही येत ऐकू. ड्रमवाल्याचे कान, दुसरं काय.

१० जानेवारी, रविवार

केबल बदलली. शिट्टी आहे. प्लग बदलला. आहे. बाईंना शेजारी उभं केलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, काहीच नाही. गणितवाल्यांना जे दिसत नाही ते नसतंच.

रियाज नाही. आठवडाभर पाहुणे होते.

१३ जानेवारी, बुधवार, संध्याकाळ

बायको बाहेर गेली. जाताना बजावून गेली, कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. मी बाहेरच्या खोलीत नव्या गाण्याचा विचार करत बसलो. एकही शिट्टी झाली नाही. मग धूर आला. बटाट्यांचा कोळसा.

कुकर बिघडलाय असं सांगितलं. तिने पाणी घालून परत लावला, आणि झाकणाकडे बोट दाखवत माझ्याकडे बघत राहिली. वाफ जोरात येत होती. तेवढ्याने काय सिद्ध होतं? जिथे शिट्टी हवी तिथे नाही, नको तिथे आहे. या घरात एक यंत्र धड असेल तर शपथ.

१९ जानेवारी, मंगळवार

अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीवाल्याकडे दोन दिवस होता. आज आणायला गेलो. म्हणाला, सगळा उघडून पाहिला, अगदी ठणठणीत आहे. मी म्हटलं, मग ही शिट्टी कसली? त्याने विचारलं, आत्ता येतेय का? म्हटलं, येतेय की. त्याने हात वर केला. प्लग त्याच्या हातात होता.

यंत्रात उरलेला करंट राहतो. याला एवढंही माहीत नाही आणि दुकान टाकून बसलाय.

२४ जानेवारी, रविवार, दुपार

शिट्टी आता घरातही येते. म्हणजे फ्रिज. फ्रिज बंद केला. येतेच आहे. टीव्ही, पंखे, पाण्याचा फिल्टर सगळं बंद. शेवटी मेन स्विच पाडला. घर मेल्यासारखं गप्प झालं आणि शिट्टी जास्तच स्पष्ट आली. उघड आहे, शेजाऱ्यांचं वायरिंग. भिंतीला कान लावून पाहिला. डावा लावला तर भिंतच नसल्यासारखं वाटलं. उजवा लावला.

मागे लेक उभी होती. अकरा वर्षांची आहे, पण बघते आजीबाईसारखी. किती वेळ उभी होती कोण जाणे. बाबा बाबा म्हणून हाका मारत होती म्हणे. हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात.

दूध नासलं. त्याचंही खापर माझ्यावरच.

३ फेब्रुवारी, बुधवार

प्रॅक्टिसला जाताना रस्ता ओलांडत होतो. एकदम वारा आल्यासारखं झालं, वळून बघतो तर ट्रक. बंपर गिटारच्या पिशवीला टेकलेला. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हातवारे करत होता, तोंड लाल. पानवाला पळत आला आणि मला धरून बाजूला घेतलं. मी त्याच्या बाकड्यावर थोडा वेळ बसलो. उन्हामुळे.

एक निरीक्षण: हल्ली लोक हॉर्न वाजवत नाहीत. तशी सुधारणाच म्हणायची, पण वेळप्रसंगी वाजवायला काय जातं?

घरी सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी, रविवार

बँडची धार गेली. सगळे मऊ वाजवतात. झांजांवर तर मेहुणा नुसता हात फिरवतो, छमछम गायबच. मी व्हॉल्यूम दहावर नेला. दहाच्या पुढे आकडा नाही, ही कंपनीची चूक.

आणि आज धक्कादायक प्रकार. मेहुण्याने घाम पुसायला केस मागे घेतले, तर कानात नारिंगी बुचं. डॉक्टरच्या कानातही. बाईंच्याही. स्वतःच्याच बँडला कान बंद करून वाजवणारी माणसं. बारा वर्षं मी यांच्याबरोबर काढली. डॉक्टरने माझ्यासाठीही एक जोडी पुढे केली आणि म्हणाला, एकदा कान दाखवून ये, माझ्या ओळखीच्या आहेत एक. मी म्हटलं, दातवाल्याने दात बघावेत. बुचं शटरच्या बाहेर फेकली.

कुणी ती उचलायला गेलं नाही. म्हणजे पटलं असणार.

१५ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात बदल. मी तक्रार विभागात फोनवर असतो, वॉशिंग मशीनवाल्या कंपनीत. साहेबांनी बोलावलं. काय काय बोलले, मी मान डोलावत राहिलो. कागद हातात आला तेव्हा कळलं, मला तळघरातल्या फायलींच्या खोलीत टाकलंय. फोन नाही, माणसं नाहीत. शांतता. कलाकाराला हेच हवं असतं. बढतीच म्हणायची.

तिथेही शिट्टी येते. ट्यूबलाइट असावी.

२० फेब्रुवारी, शनिवार

बायकोने कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. गेलो नाही. सभागृह बघायला जायचं होतं. सभागृह बंद होतं.

लेकीने जेवणाच्या टेबलावरची जागा बदलली. जन्मापासून डावीकडे बसायची, आता उजवीकडे. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, इकडे पंख्याचा वारा लागतो. एकेकाची थेरं.

३ मार्च, बुधवार

माझ्या शिस्तीचा परिणाम दिसू लागला. गाणं सुरू करताना मेहुणा आता काठ्या डोक्यावर नेऊन चारदा आपटतो आणि नंदीबैलासारखी मान हलवतो. थांबायचं असेल तिथे बाई पूर्ण हात वर करतात. डॉक्टर तर पायही आपटतो. याला म्हणतात स्टेज प्रेझेन्स. पूर्वी पुतळ्यासारखे उभे राहायचे. मी स्तुती केली. तिघं एकमेकांकडे बघत राहिले. स्तुतीची सवय नाही बिचाऱ्यांना.

१४ मार्च, रविवार

महत्त्वाचा निर्णय. शेवटचं गाणं लेक म्हणणार. ती जन्मली त्या आठवड्यात मी केलेलं गाणं. आजवर कुणी फर्माईश केली नाही, पण काही गाण्यांना वेळ लागतो. बसवलंय असं: शेवटच्या ओळीआधी सगळ्यांनी थांबायचं, गिटारसुद्धा, आणि ती ओळ तिने एकटीने म्हणायची.

आज दोनदा माझं थांबायचं राहिलं. डोळे मिटून वाजवतो ना, तल्लीन होतो. लेक म्हणाली, बाबा, डोळे उघडे ठेव आणि माझ्याकडे बघ. हे तिने माझे दोन्ही गाल धरून, तोंडासमोर तोंड आणून सांगितलं. लाडकी आहे.

तिचा आवाज फार बारीक लागला. म्हटलं, जोरात गा. बाई म्हणाल्या, ती जोरातच गातेय. मग त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

२६ मार्च, शुक्रवार

उद्या. शिट्टी आज डोकं खाते आहे. उशीवर उजवी कूस घेतली तर जग बंद पडतं, म्हणून आजकाल तसाच झोपतो. पण जग गेलं तरी शिट्टी राहते. ही कुठल्या यंत्राची याचा कार्यक्रमानंतर छडा लावणार.

भीती नाही. गिटार पिशवीत आहे ना, एवढंच चारदा उघडून पाहिलं.

२८ मार्च, रविवार

इतिहास घडला.

सभागृह अर्ध्याहून जास्त भरलेलं. मी आयुष्यात इतकं चांगलं वाजवलं नव्हतं. स्वतःचं फारसं ऐकू येत नव्हतं, पण मोठ्या स्टेजवर ते तसंच असतं, कलाकाराने हाडांनी ऐकायचं. पायाखालच्या फळ्या ड्रमने हलत होत्या. साउंडवाला आधी मेहुण्याशी कोपऱ्यात कुजबुजत होता, मला पाहून गप्प झाला. दडपण आलं असेल.

शेवटी लेकीचं गाणं. डोळे मिटले गेलेच. मग हातावर काहीतरी गार लागलं. उघडून बघतो तर ती माझ्यासमोर उभी, तिचा तळवा माझ्या गिटारच्या तारांवर. सगळे थांबलेले. काय नाट्यमय कल्पना, आणि प्रॅक्टिसमध्ये नव्हती. हात तसाच ठेवून तिने शेवटची ओळ म्हटली. ओठ हलताना दिसले. फार सुंदर म्हटली असणार. लोक उभे राहिले. बायको रडत होती. आनंदाने.

ठराव: स्वतःचा अल्बम. उद्यापासून.

२ एप्रिल, शुक्रवार

बायकोने मोबाइलवर कार्यक्रमाचा व्हिडिओ केला होता. दाखवायला टाळाटाळ करत होती, आज मीच घेतला. हेडफोन लावले, पूर्ण आवाज केला, उजव्या कानावर दाबून धरले. ड्रम आहे, बेस आहे, कीबोर्ड आहे. माझी गिटार नाही. पहिल्या गाण्यापासून नाही. मोबाइलचा माइक फालतू, म्हणून डॉक्टरच्या भावाचा व्हिडिओ मागवला. त्यातही नाही.

बाईंना घरी बोलावलं. त्यांनी सरळ सांगितलं. तोंडाने आणि मग कागदावरही. जानेवारीपासून मी तालात नाही. जोरात तर इतका, की डॉक्टरचा एक कान आठवडाभर दुखत होता. कार्यक्रमात साउंडवाल्याला सांगून माझ्या गिटारचा आवाज पूर्ण बंद ठेवला होता. काढून टाकायचं धाडस कुणाला झालं नाही, कारण बँड माझा आहे. मी विचारलं, घरात कुणाला माहीत होतं? त्यांनी लिहिलं, सगळ्यांना. खाली आणखी लिहिलं, लेकीला सगळ्यात आधी.

शेवटच्या गाण्याचा भाग पुन्हा पाहिला. सगळे थांबतात. लेक माइक धरून माझ्याकडे बघते. मी डोळे मिटून वाजवतोय, मान हलवतोय, आणि काहीही वाजत नाहीये. सहाशे खुर्च्यांचं सभागृह चिडीचूप. घड्याळ लावून मोजले, बावीस सेकंद. मग ती चालत येते आणि तारांवर हात ठेवते.

मला फार लाज वाटली. हे लिहून ठेवतो, हे पान काढून टाकणार नाही.

८ एप्रिल, गुरुवार

गेलो कानाच्या डॉक्टरकडे. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, हेडफोन घातले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. म्हटलं, इथे तरी दाखवून देऊ. मन लावून दाबत गेलो, एकही सोडला नाही. बाहेर आलो, डॉक्टरबाई माझ्याकडे आणि बायकोकडे बघत होत्या. त्या अजून मशीन जोडतच होत्या.

मग खरी तपासणी झाली. तिच्यात मी फारसं बटण दाबलं नाही.

बायकोने सगळं लिहून घेतलं, ते इथे उतरवतो. डावा गेला. परत येणार नाही. उजवा अर्धा आहे. शिट्टी कुठल्याही यंत्राची नाही, माझीच आहे, आणि ती राहील. बारीक, उंच आवाज आधी जातात, पक्षी, झांजा, लहान मुलं. उजवा टिकवायचा असेल तर गोडाउन बंद, अ‍ॅम्प्लिफायर बंद. नाहीतर वर्ष, फार तर दोन.

९ एप्रिल, शुक्रवार

मेहुण्याला फोन करून राजीनामा दिला. मुद्देसूद बोललो, बारा वर्षांचा आढावा घेतला, माझ्याशिवाय बँडचं काय होईल याची काळजी व्यक्त केली. तो काय म्हणाला ते कळलं नाही. विनवण्या करत असणार. फोन बायकोला दिला. तिने ऐकून घेतलं, मग माझ्या उजव्या कानाशी येऊन सांगितलं. तो म्हणतोय, बरं.

अ‍ॅम्प्लिफायर पलंगाखाली ठेवला.

दुपारी लेक शाळेत होती, घरात कुणी नव्हतं. जेवणाच्या टेबलाशी गेलो. उजवीकडच्या तिच्या खुर्चीवर बसलो. पंखा पाचवर लावला आणि बराच वेळ बसून राहिलो. तिथे वारा लागत नाही.