बाजेखालची पुस्तकं

॥ श्री ॥
मंचेरियल,
ता. १८ जुलै १९४८

चि. सौ. वच्छला हिस सुधाकरदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

हल्ली टपाल फोडून वाचतात, म्हणून हे पत्र नागोरावांच्या हाती देतोय. त्यांच्या लॉरीत सरकीच्या पोत्यांखाली एक पेटी आहे. ती उतरवून घे आणि मारोतरावांखेरीज कोणाला सांगू नकोस. आमचे खाणीवरचे इंजिनियरसाहेब गेल्या साली विलायतेला गेले, तेव्हा ती माझ्याकडे ठेवून गेले. त्यांचा पूर्वज तीनशे वर्षांमागे इंग्लंडात मोठा पंडित होता. ही त्याची स्वतःची पुस्तकं. कातडी बांधणीची, निम्मी लॅटिनात. समासात त्यानं मुंगीएवढ्या अक्षरात टिपा केल्यात, आणि पानोपानी ग्रहताऱ्यांची वर्तुळं, समुद्राचे नकाशे.

हे नकाशेच जिवावर उठलेत. शाळेतल्या एका मास्तरांच्या झडतीत भूगोलाचा नकाशा निघाला, तेवढ्यावरून निजामाच्या पोलिसांनी त्यांना हिंदुस्थानचा हेर म्हणून नेलं. ते अजून परतले नाहीत. साहेबांची पेटी माझ्याकडे आहे हे चारचौघांना ठाऊक आहे. तू म्हणशील, घाल बंबात. पण अमानत आहे ती, विश्वासानं दिलेली वस्तू जाळवत नाही. म्हणून ती तुझ्याकडे धाडतोय.

तुझे दिवस भरत आलेत. आई असती तर तू माहेरी असतीस. भावानं लुगडं पाठवायचं, तर मी हे संकट पाठवतोय. शिव्या दे, पण मनातल्या मनात दे.

मारोतरावांस नमस्कार. जपून राहा, एवढंच मागणं.
तुझा,
सुधाकरदादा


गुडीहत्नूर,
ता. २२ ऑगस्ट १९४८

ती. सुधाकरदादास वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. नाक तुझ्यावर गेलंय. बाकी देवानं चांगलं केलं. हे पत्रही नागोरावांच्याच हाती देतेय.

तुझी पेटी आधी धान्याच्या कोठीत होती. शेजारच्या गावात झडतीवाल्यांनी कोठ्यांत भाले खुपसून पाहिले हे कळलं, आणि ह्यांची पाचावर धारण बसली. म्हणाले, आजच जाळू. मी आडवी आले. अक्षराला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, ते चुलीत कसं घालायचं? शेवटी सुईण बयनाबाईनं वाट काढली. तिचं म्हणणं, बाळंतिणीच्या बाजेखाली कोन वाकून पाह्यते? पेटी फोडून चुलीला लावली, आणि तुझा पंडित आता गोधडीत गुंडाळून माझ्या बाजेखाली, भिंतीशी पडलाय. पुढं शेकाची शेगडी, वर मी आणि लेक.

दादा, मला फार भीती वाटते. विस्तवाचीही आणि माणसांचीही. रस्त्यावर टापा वाजल्या की पान्हा आटतो.

आमच्यावर माया आहेच, काळजीही असू दे.
तुझी,
वच्छला


मंचेरियल,
ता. ११ ऑक्टोबर १९४८

चि. सौ. वच्छलास अनेक आशीर्वाद, वि. वि.

हिंदुस्थानची फौज आली, निजामी संपली. मास्तर घरी आले. वाळलेत, पण जिवंत आहेत. मारोतरावांनी कळवलं की तुमच्याकडेही झडती येऊन गेली आणि काही निघालं नाही. बयनाबाईला माझ्यातर्फे लुगडं घ्या.

एक सांगायला लाज वाटते. साहेबांच्या लेकीचं पत्र आलं. साहेब वारले. तिच्या घरी पुस्तकांना जागा नाही, आणायचा खर्चही नको. मी वाटेल ते करावं म्हणते. हैदराबादेत कोणी घेतं का पाहतो. तोवर तुझ्या खोलीतली अडगळ दिवाळीला येऊन घेऊन जातो.

भाचीला मामाचा पापा. लोभ तसाच ठेव.
तुझा,
सुधाकरदादा


गुडीहत्नूर,
ता. २० ऑक्टोबर १९४८

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

झडती येऊन गेली, एवढंच ह्यांनी लिहिलं. हे ओसरीवर होते. आत काय झालं ते बयनाबाईला आणि मलाच ठाऊक.

वर्दीवाले अंगणात शिरले तशी कोणी वाकू नये म्हणून बयनाबाईनं शेगडी आणखी आत रेटली. घाईत ती गोधडीला लागली. कातडं करपल्याचा वास सुटला. तो झाकायला तिनं मूठभर ओवा अन् बाळंतशोपा निखाऱ्यांवर टाकल्या, तर खोली धुरानं भरली. पडद्याबाहेर त्यांचा म्हातारा जमादार उभा होता. तो वाईट माणूस नव्हता, दादा, त्याचंच मला भय वाटलं. म्हणाला, एवढ्या धुरात बच्ची गुदमरेल. ती नुसती खोकली तरी मी बाज उचलून अंगणात घ्यायला लावीन. दोघांना त्यानं हाकही मारली. बाज उचलली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. मग तू गेला असतास, आणि हेही.

बयनाबाई सांगत राहिली की वारं लागलं तर बाळंतीण हाती लागणार नाही. तो घुटमळला, कान देऊन उभा राहिला. लेकीला खोकला येत होता. मी तिला छातीशी दाबलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. तो जाईपर्यंत ठेवला. काढला तेव्हा ती निळी पडली होती, हलत नव्हती. बयनाबाईनं उलटी धरून पाठीवर थापा मारल्या, तेव्हा कुठं रडली. आता चांगली आहे, दूध पिते. पण ती झोपली की मी नाकाशी बोट धरून बसते.

पुस्तकं हैदराबादला जायची नाहीत. एक करपलंय, बाकीची जशीच्या तशी आहेत. दिवाळीला ये, आणि एकेकात काय लिहिलंय ते मला मराठीत सांग. भाषा येत नसेल तर शीक. लेकीच्या तोंडावर मी कशापायी हात ठेवला, ते मला कळलं पाहिजे.

वाट पाहते.
तुझी,
वच्छला