लिफ्टवाल्या दादाचा खटला

५ मार्च

चि. धाकट्यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस, आधी बस. तुझ्या दादाला पोलिसांनी धरून नेलंय. आज नववा दिवस.

त्या विमा कंपनीच्या सहा मजली इमारतीतली लिफ्ट तो अकरा वर्षं सांभाळतोय. मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी त्यानं ती बंद केली आणि दारात आडवा उभा राहिला. दोर तुटणार आहे, आत जाल तर मराल, मला तसं कळवलंय, असं येईल त्याला सांगत होता. दोर चांगला धडधाकट होता. चार तास माणसं जिने चढत होती. शेवटी मॅनेजरसाहेबांनी त्याला बाजूला सारायला हात लावला, यानं ढकललं, ते पडले आणि त्यांचं मनगट मोडलं.

तुरुंगात भेटायला गेले तर समोर बसून नुसते ओठ हलवत होता. शिपाई म्हणाला, नाटक करतोय. मी म्हटलं, अहो, शाळेच्या नाटकात याला झाडाचं काम दिलं होतं, तेही धड जमलं नव्हतं.

सरकारनं दिलेले वकील म्हणतात, गुन्हा कबूल करा, सहा महिन्यांत सुटेल. वेड्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना मी जाऊन भेटले, त्या म्हणतात, तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवायची कायद्यात सोय आहे, पण आजार जुना असल्याचा कागद हवा. तू आणि दादा एका खोलीत राहायचात, तेव्हा असं काही झालं होतं का रे? आठवून कळव.

तुझी आणि तुझ्या बायकोची खुशाली कळव. जीव तिकडे लागलेला असतो.
तुझी आक्का

११ मार्च

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून गोदीवर कामात लक्षच लागेना. पण आक्का, रागावू नकोस, मला वकिलांचं म्हणणं पटतं. सहा महिने काय, बघता बघता जातील. तुरुंगात जाऊन आलेला माणूस लोक विसरतात. वेड्यांच्या इस्पितळातून आलेल्याला कुणी विसरत नाही. माझ्या सासरची मंडळी कशी आहेत, तुला ठाऊक आहेच. एकत्र राहत होतो तेव्हा तसं काही झाल्याचं आठवत नाही.

तब्येतीला जप. आशीर्वाद असू दे.
तुझा धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही.

काल दादाला पुन्हा पाहिलं. जेवणात काहीतरी कालवतात म्हणून चार दिवस उपाशी आहे. पँट दोरीनं बांधलीय. लोक विसरतील म्हणतोस. तोपर्यंत तो उरला पाहिजे ना? सासरच्यांना काय सांगायचं ते तू बघ. मी बाइंडिंगच्या दुकानात पंधरा दिवसांची रजा टाकलीय. एकटी लढायची वेळ आली तर एकटी लढेन. पुन्हा एकदा विचारते, आठव.

तरीही तुझीच,
आक्का

२२ मार्च

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत एक कागद रजिस्टर टपालानं पाठवतोय. नऊ वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे, तारखेसकट. मी खोटं बोललो.

दादा तेव्हा भिंतीशी बोलायचा. मीच त्याला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी चार महिन्यांत माणसात आला. मग माझं लग्न ठरलं. मुलीकडचे खोली बघायला यायचे होते. मी त्याला म्हणालो, आता बरा झालास, फेक त्या गोळ्या, लोक काय म्हणतील. त्यानं निमूट ऐकलं. मला एकदाही बोल लावला नाही, कुणाला काही सांगितलंही नाही. चिठ्ठी मी माझ्या सर्टिफिकिटांच्या फाइलमध्ये लपवली होती.

काल हे सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तो कागद अजून टपालात टाकला नाहीत? आक्का, कोर्टात माझी साक्ष हवी असेल तर तार कर, येतो.

माफ करशील तेव्हा कर.
धाकटा

९ एप्रिल

चि. धाकट्यास,
आक्काचे भरघोस आशीर्वाद.

जिंकलो रे! तू कोर्टातून तसाच गाडीला पळालास, त्यामुळे तुझ्या साक्षीनंतरची मजा हुकली.

मी सगळे कागद शिवून, पुठ्ठा घालून, अनुक्रमणिकेसकट पुस्तकच करून दिलं होतं ना? न्यायाधीशबाईंनी ते पान न् पान वाचलं. तुझी चिठ्ठी, डॉक्टरीणबाईंचा अहवाल, आणि दादाची लिफ्टची नोंदवही. अकरा वर्षं मोत्यासारखं अक्षर; शेवटच्या महिन्यात मात्र पानोपानी ‘दोर बोलला’, ‘दोर पुन्हा बोलला’. ती पानं त्यांनी पुन्हा मागे जाऊन वाचली.

सरकारी वकील उठून म्हणाले, असं सोडलं तर उद्या जो तो माणसं ढकलेल आणि वेडाचं सोंग घेईल. तेवढ्यात मॅनेजरसाहेब, हात गळ्यात बांधलेला, उभे राहिले. म्हणाले, मनगट माझं मोडलंय, तर माझंही ऐका. मला ढकलणारा आमचा लिफ्टवाला नव्हताच, त्याचा आजार होता. आम्हाला आमचा माणूस बरा होऊन परत हवाय. नवा गडी आठवड्याला दोघांना तरी मधल्यामध्ये अडकवतो. सगळं कोर्ट हसलं.

हुकूम असा झाला: आजच्या आज तुरुंगातून इस्पितळात, दर महिन्याला कोर्टाला अहवाल, आणि आठ महिने उपचार नीट घेतले तर खटला रद्द. मी रडायचं नाही असं ठरवून गेले होते. नाहीच रडले. आपले वकीलच रडले.

आणि ऐक, माफी वगैरे पुन्हा लिहू नकोस. तुझा कागद पुस्तकात पहिल्या पानावर लावला होता.

दोघं जोडीनं या. वाट बघते.
आक्का

२० जानेवारी

चि. धाकट्यास,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

अक्षर जरा हलतंय, ते गोळ्यांमुळे. डोकं ठिकाणावर आहे. गेल्या महिन्यात खटला रद्द झाला. लिफ्टवर परत रुजू झालोय. पहिल्या दिवशी मॅनेजरसाहेब मुद्दाम माझ्यासोबत सहाव्या मजल्यापर्यंत आले. माझाच जीव मुठीत होता.

तुझ्या त्या गोष्टीबद्दल एकदाच लिहितो. गोळ्या फेक असं तू म्हणालास, पण फेकल्या मी. तू मात्र भर कोर्टात उभा राहून खरं सांगितलंस. मला तुरुंगातून त्यानं काढलं. आता हा विषय बंद.

खरी बातमी पुढेच आहे. आक्काचं पुस्तक वाचल्यावर न्यायाधीशबाईंनी नवा पायंडा पाडलाय. दर सोमवारी डॉक्टरीणबाई कोर्टातच बसतात, आणि पकडून आणलेल्यांत कुणी आजारी वाटला तर तुरुंगाआधी त्यांना दाखवायचं. डॉक्टरीणबाईंनी मलाही बोलावलं, कुणी तोंड उघडत नसेल तर त्याच्याशी बोलायला. मॅनेजरसाहेबांनी सोमवारची अर्धी रजा दिलीय.

परवा पहिल्यांदा गेलो. कपड्यांना इस्त्री करणारी एक बाई होती, बसच्या काचा फोडल्या म्हणून आणलेली. भिंतीकडे तोंड करून बसलेली, कुणाशी बोलेना. पोलिसांनी विचारून झालं, वकिलांनी विचारून झालं. मी शेजारी जमिनीवर बसलो. म्हटलं, ताई, मलाही आवाज ऐकू यायचे. तुमच्याशी बाप्ये बोलतात की बायका?  मग हळूच वळून म्हणाली, दोन बाप्ये आणि एक बाई, पण ती बाई त्या दोघांना बोलूच देत नाही. मला हसू आलं. मग तीही हसली आणि डॉक्टरीणबाईंशी तासभर बोलली.

दुपारी तुरुंगाची गाडी तिच्यावाचून निघाली. ती बाई इस्पितळाच्या गाडीनं गेली, भेटायला आलेल्या बहिणीचा हात धरून. मी फाटकात उभा राहून दोन्ही गाड्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होतो. पुढच्या सोमवारी तिघेजण आहेत म्हणे.

सूनबाईंना आशीर्वाद. माया आहेच, मधूनमधून कागदावर उतरव.
तुझा दादा