बाबाने ऑइल बदललं

प्रिय चिमणे,

तू हसशील, पण तुझ्या बाबाने काल मोटारसायकलचं ऑइल स्वतःच्या हाताने बदललं. कोपऱ्यावरचा मेकॅनिक दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेला आणि इथे गाडी चढावर आचके द्यायला लागली. म्हटलं, चाळीस वर्षं शिलाई मशीन खोलतोय, जोडतोय. हेही मशीनच की. तुझी आई म्हणाली, "शिलाई मशीनवरून पडलेला माणूस मी पाहिला नाही." तरी बसलोच अंगणात जुनी चादर अंथरून.

आधी प्लग काढला. टोक काळंकुट्ट. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक पहिल्यांदाच उघडलं. टोक तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत बरी. काजळी धरली असेल तर हवा कमी पडत असेल, असं त्यात लिहिलंय. मी थक्कच झालो. इतकी वर्षं गाडी हाकली, पण तिच्या पोटात काय चाललंय ते एवढ्याशा टोकावर दिसतं, याचा पत्ताच नव्हता! लगेच एअर फिल्टर काढून झटकला, तर दुकान झाडल्यावर निघते तेवढी धूळ निघाली.

ऑइलच्या वेळी मात्र फजिती झाली. इंजिन जरा गरम करून खालचा बोल्ट सोडला, काळं ऑइल परातीत काढलं, नवं भरलं, आणि हात पुसताना बघतो तर बोल्टचा वॉशर चादरीवरच! खाली थेंब थेंब गळतंय. तुझी आई नुसती परातीकडे बघत राहिली. पुन्हा सगळं काढून वॉशर बसवला. आज सकाळी गाडी चढ सुरळीत चढली. मी उगाचच खाली आलो आणि परत वर गेलो.

तू शाळेत असताना टेबलफॅन खोलून बसायचीस. मी ओरडायचो, परत जोडता येणार नाही म्हणून. तू म्हणायचीस, "आत काय आहे ते तर कळेल ना!" मला तो उद्धटपणा वाटायचा. काल कोपरापर्यंत काळा होऊन बसलो, तेव्हा कळलं की तो आनंद असतो.

म्हणूनच आता खरं सांगतो. तंत्रनिकेतनाच्या प्रवेशाचं पत्र आलंच नाही, असं मी तुला सांगितलं होतं. ते आलं होतं. तुझी निवड झाली होती. मुलीच्या जातीने वर्कशॉपमध्ये काय करायचं, असं वाटून मी ते फाडलं. तू तीन आठवडे पोस्टमनची वाट बघत दारात उभी राहायचीस आणि मी मशीनवरून मान वर करत नव्हतो. नंतर तू स्वतःला बिनडोक म्हणायला लागलीस, विम्याच्या कचेरीत चिकटलीस, तेव्हाही मी गप्पच. आज तुझ्या आईला सांगितलं; ती माझ्याशी बोलत नाहीये. तूही बोलू नकोस हवं तर. पण तुझी निवड झाली होती, पोरी. पहिल्याच यादीत.

तुझाच,
बाबा