तीन प्राण

८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या घरच्या फासे-वहीच्या खेळातला वाद टेबलावर घालायचा नाही, पत्रात लिहायचा, असं आपणच ठरवलंय. म्हणून लिहिते.

नोव्हेंबरात, तू खेळवतोस त्या राक्षसाच्या एका वारात ताईची योद्धी मेली. त्या लढाईचं पान मी काल तपासलं. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले की दणका कसा मोजायचा, हे वहीच्या पहिल्याच पानावर ताईच्या अक्षरात आहे: आधी दणक्याच्या दुसऱ्या फाशाचं दान दुप्पट करायचं, मग त्यात मारणाऱ्याची ताकद मिळवायची. दान आठ होतं, ताकद सात. म्हणजे सोळा आणि सात, तेवीस. तू आधी बेरीज केलीस, मग दुप्पट, आणि तीस लिहिलेस. योद्धीचे सव्वीस प्राण शिल्लक होते. ती मेलीच नव्हती.

तेव्हापासून चार महिने ताई खेळायला आलेली नाही. दिवसभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढतोस, एकदा वहीतलेही बघ. वहिनीला नमस्कार.

तुझी,
छोटी

१३ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

प्रयोगशाळेत लोखंडी सळ्या तोडून तुझं मन भरत नाही वाटतं, म्हणून माझी वही तोडायला घेतलीस. आकडे बरोबर आहेत, नाक मुरडून कबूल करतो.

पण सात वर्षं मी असंच मोजतोय. एक वार बदलला तर सगळेच बदलावे लागतील. पुरलेले राक्षस उठून दारात रांग लावतील. शिवाय योद्धीला आपण सगळ्यांनी मिळून निरोप दिला, तिची ढाल वहिनीच्या तिरंदाजाकडे गेली. वहिनी म्हणते, ढाल आज मागितली तर आज देते, पण ताईसमोर जायचं कोणी? ताई फोनवर हवापाण्याचं बोलते आणि ठेवून देते. नको उकरून काढूस.

वेळेवर जेवत जा. माझी माया अशा पत्रांनी आटणारी नाही, तुझीही न आटो.

तुझा,
दादा

१९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सगळ्या वह्यांचे फोटो माझ्याकडे आहेत. सात वर्षांत वीसचा आकडा एक्केचाळीस वेळा पडला. प्रत्येक वार दोन्ही पद्धतींनी मोजून पाहिला. चाळीस ठिकाणी मेलेला मेलेलाच राहतो आणि वाचलेला वाचलेलाच. फरक फक्त एका ठिकाणी पडतो. तुझे राक्षस निवांत पडून राहतील.

ताईला मी कळवणार नाही. बेरीज तुझी, तोंडही तुझंच हवं. तिच्याशिवाय खेळ चालतो, हे आपण चार महिने पाहिलं. मला तो तसा नको आहे.

तुझी,
छोटी

३० मार्च

चि. छोटीस,
अ. आ.

मंगळवारी कामावर जेवणाच्या सुट्टीत माझ्या क्रेनवरून खाली उतरले, तर शिडीच्या पायथ्याशी दादा उभा, काखेत वही. कोणीतरी दिलेलं हेल्मेट डोक्यावर उलटं घातलेलं. मी चुकलो, म्हणाला, आणि आकडे वाचायला लागला. मी त्याला दोनदा वाचायला लावले.

तुला खरं सांगते, मला योद्धी मेली त्याच दिवशी चूक कळली होती. नियम माझाच ना. पण स्वतःच्या जिवासाठी स्वतःच काय भांडायचं? म्हटलं, बघू, कोणाला खटकतं का. सगळ्यांनी हळहळून चहा ओतला आणि पुढचं दान टाकलं. मरण्याचं नाही गं, त्या चहाचं लागलं मला.

काल त्याच वारापासून पुन्हा खेळलो. मी तीन प्राणांवर उभी. वहिनी पळ पळ म्हणत होती, तुझ्या भाऊजींनी डोळे मिटले होते. राक्षसाचा वार एका आकड्याने हुकला. त्याचे नऊ प्राण उरले होते. मी फासा टाकला, दादाला बेरीज मोठ्याने करायला लावली. दहा झाले. वहिनी खुर्चीवर चढली. राक्षस दादाचाच, पण पहिली टाळी त्यानेच वाजवली.

तुझं ते एक्केचाळीस वारांचं पान त्याने मला दाखवलं. मी ते ठेवून घेतलंय. पुढच्या रविवारी ये. जीव लावतेस तो असाच लावत राहा, आकड्यांत का होईना.

तुझी,
ताई